सीटखालचं श्री

जुनं यंत्र विकत घ्यायला गेलं की आधी इंजिनाला हात लावून बघायचा. ते गरम लागलं तर समजायचं, विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते धड सुरू होत नाही. हे मी कितीतरी जणांना शिकवलंय. ऑफिसात कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की मला सोबत नेतं, आणि मी आढेवेढे घेत, मनातून खूश होऊन जातो. पुण्यात इंजिनियर झालो, ख्राइस्टचर्चला भूकंपानंतरच्या बांधकामांवर चौदा वर्षं काढली, पण माझी खरी मिजास वेगळीच होती. यंत्राच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही, ही.

त्या एप्रिलमध्ये, इथला हिवाळा जवळ आला तसा, मी स्नोमोबाइल शोधत होतो. बर्फावरची मोटारसायकल म्हणा: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा, मध्ये सीट आणि हँडल. न्यूझीलंडमध्ये ती फार थोड्या लोकांकडे असते, कारण ती चालवता येईल अशी उघडी पठारं दक्षिणेकडे, ओटॅगोत, मोजकीच आहेत. ऑफिसातल्या एकानं मला पहिल्यांदा तिथे नेलं आणि मी येडाच झालो. पुढच्याच महिन्यात एक पिवळी स्नोमोबाइल घेतली. तीन हिवाळे मनसोक्त चालवली. मग मुलीचं शनिवारचं नेटबॉल सुरू झालं, हिवाळ्याचे सगळे शनिवार मैदानाच्या कडेला कुडकुडत उभं राहण्यात जायला लागले, आणि गॅरेजमधली ती पिवळी अडचण मी विकून टाकली. त्याला नऊ वर्षं झाली.

आता मुलगी डनेडिनला युनिव्हर्सिटीत आहे. शनिवार मोकळे, गॅरेज मोकळं. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "बाबा, दॅट्स सो मिडलाइफ क्रायसिस." तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं, टोमणे तर खास इंग्रजीत. बायको म्हणाली, "घे बाबा एकदाची. फोनवरचे ते बर्फाचे व्हिडिओ तरी बंद होतील."

शोधता शोधता अलेक्झांड्राजवळची एक जाहिरात दिसली. मॉडेल माझ्या जुन्याच गाडीचं, रंग काळा. हे मॉडेल मला तोंडपाठ होतं, म्हणून तीच बघायचं ठरवलं. मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका, असा मेसेज टाकला. "नो वरीज," एवढंच उत्तर आलं. पॉपलरची झाडं पिवळी झाली असतील म्हणून बायकोही निघाली. शुक्रवारी क्रॉमवेलला मुक्काम केला आणि सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या दारात पोचलो.

जर्दाळूच्या झाडांमागे बैठं घर, बाजूला पत्र्याची शेड. एक सत्तरीचा उंच माणूस त्या थंडीत हाफ पँट घालून बाहेर आला आणि "किआ ओरा" म्हणत त्यानं हात पुढे केला. दारात त्याची बायको उभी होती, हातात काठी. ती माझ्या बायकोला चहाला आत घेऊन गेली. चालताना तिचा उजवा पाय वाकत नव्हता. वय झालंय, असं मनात म्हणून मी शेडकडे वळलो.

इंजिनाला हात लावला. गार होतं. दुसऱ्या झटक्यात सुरू झालं. मी खिशातून यादी काढली आणि कामाला लागलो. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, पट्ट्याचे दात एकेक करून चाचपले, स्कीखालच्या पट्ट्या बघितल्या. पडल्यावर इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी असते, तीही ओढून बघितली. इंजिन लगेच बंद पडलं. हे सगळं करताना मी नाक मुरडत होतो, कारण जुनी वस्तू घेताना नाक मुरडायचं असतं. इथे झिजलंय, तिथे गंजलंय. तो प्रत्येक गोष्टीला मान डोलवायचा आणि वर म्हणायचा, "या डाव्या स्कीला तडा पण गेलाय, तो तुला दिसला नाही." अशा माणसाशी घासाघीस कशी करायची ते मला कळेना.

यादीतला शेवटचा प्रश्न मी नेहमी तोंडी विचारतो. "मला माहीत असायला हवं असं आणखी काही?"

"हीप्स," तो म्हणाला, म्हणजे ढीगभर. उपडी ठेवलेली एक बादली ओढून तिच्यावर बसला आणि फळीवरून आइस्क्रीमचा जुना डबा काढून त्यानं मांडीवर घेतला.

त्यानं जे सांगितलं ते असं. गाडी घेतली त्या पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. त्याची बायको सपाटीवर चालवत होती, उन्हं चांगली होती, अवघड असं काही नव्हतं. हँडलवर अंगठ्यानं दाबायचा रेसचा खटका बर्फानं दाबलेलाच अडकून बसला. गाडी सुसाट सुटली आणि बायको खाली पडली. अशाच वेळेसाठी ती दोरी असते. तिचं एक टोक चालवणाऱ्याच्या जॅकेटला आणि दुसरं गाडीच्या स्विचला असतं. माणूस पडला की दोरी स्विचवरून निघते आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं. दोरी निघाली, बरोबर निघाली. इंजिन बंद झालं नाही. गाडी एकटीच गोल फिरून परत आली आणि बर्फात पडलेल्या त्याच्या बायकोच्या पायावरून गेली. दोन ऑपरेशनं झाली. गुडघा पुन्हा वाकला नाही.

"मग मी पॅनेल उघडलं," तो म्हणाला. "स्विचच्या दोन्ही वायरी कुणीतरी कापून खालच्या खाली एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. स्विच नुसता शोभेचा."

"असला गाढवपणा कोण करतं!" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "हा गुन्हा आहे, गुन्हा. असल्या माणसाला गाडीला हात लावू देता कामा नये."

"जाऊ दे, इतकं कडक नको बोलूस," असं म्हणत त्यानं डब्यातून वायरीचा तुकडा काढून माझ्या हातात दिला.

जोडावर निळा टेप गुंडाळलेला होता, आणि टेपचं टोक दुमडून त्याचा छोटा कान केलेला होता.

मी टेप लावला की टोक दुमडतो. कॉलेजच्या लॅबपासूनची सवय आहे. पुढच्या माणसाला टोक नखानं शोधत बसावं लागू नये, म्हणून. आमच्या घरातल्या प्रत्येक टेपच्या रिळाला असा कान आहे. बायको त्यावरून माझी थट्टा करते.

तोपर्यंत मला खरंच काही आठवलं नव्हतं. आता सगळं एकदम आठवलं. शेवटच्या हिवाळ्यात तो स्विच दमट व्हायचा आणि इंजिन चढावर मध्येच बंद पडायचं. नवा स्विच बाहेरून मागवायचा, तीन आठवडे लागणार. तोवर तात्पुरतं म्हणून मी दहा मिनिटांत वायरी जोडल्या आणि जुगाड जमला म्हणून स्वतःवरच खूश झालो. मग नेटबॉल सुरू झालं. मग जाहिरात दिली. नेटबॉलच्या मैदानाच्या कडेला, हातात कॉफी घेऊन उभा असताना इन्व्हरकार्गिलकडून एकाचा फोन आला. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मला माहीत असायला हवं असं आणखी काही?"

तेव्हा मी विसरलेलो नव्हतो. हे लिहायला हात जड होतोय, पण लिहितो. त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर यांच्यामध्ये एक क्षण होता, आणि त्या क्षणात तो निळा टेप मला स्वच्छ दिसला होता. सांगितलं तर हा येणार नाही, पुन्हा सगळ्या फोटो-मेसेजांपासून सुरुवात, असं मनात आलं. तपासून घेणं हे घेणाऱ्याचं काम, असंही आलं. "नाही, काही नाही," मी म्हणालो, "स्वीट ॲज." म्हणजे सगळं झकास. नंतर मी ते इतकं छान विसरलो, की नऊ वर्षांनी ते करणाऱ्याला तावातावानं गाढव म्हणू शकलो.

बोलायची वेळ तीच होती. मी काय केलं? मी विचारलं, "कुणाकडून घेतली होती?" त्याला किती माहीत आहे ते मला बघायचं होतं.

"ख्राइस्टचर्चच्या एकाकडून. तुमच्याच देशाकडचा असावा. माझी भेट नाही झाली. आम्ही तेव्हा खाली इन्व्हरकार्गिलला राहायचो. शेजारी ट्रेलर घेऊन तिकडे चालला होता, तोच घेऊन आला. फोनवर बोललो मी. छान माणूस होता. त्याला माहीत नसणार. मी सरळ विचारलं होतं ना त्याला. त्याच्या आधीच्या कुणाचं तरी काम असणार ते."

गाडी तेव्हा पिवळी होती, तो म्हणाला. अपघातानंतर बायकोला तो रंग बघवेना, म्हणून त्यानं वरून काळं आवरण चढवून घेतलं. "आणि छान माणूस का म्हणतो ते दाखवतो," असं म्हणून त्यानं सीटची कडी सोडली आणि सीट उलटी केली. "हे बघ. किती मन लावून काढलंय."

सीटच्या आतल्या फळीवर लाल नेलपॉलिशनं श्री काढलेलं होतं.

गाडी घरी आली त्या दिवशी बायकोनं पूजेचं ताट आणलं होतं. कुंकू बर्फात टिकणार नाही म्हणून तिनं नेलपॉलिशची बाटली उघडली आणि ती बॉनेटवर काढायला निघाली. "बाहेर नको," मी म्हणालो, "क्लबातले लोक विचारत बसतील." म्हणून सीटखाली. तिच्या श्रीची वेलांटी लांब असते आणि टोकाला ती एक फूल काढते. फूल तसंच होतं.

"आम्ही ते पुसलं नाही," तो म्हणाला. "तुला वाचता येतं?"

मी मानेनंच हो म्हणालो.

"काय लिहिलंय? माझ्या बायकोला वाटतं ती वॉर्निंग आहे. त्यानं त्याच्या भाषेत लिहून ठेवलं होतं, आणि आपण कुणाकडून वाचून घेतलं नाही. हॉस्पिटलमध्ये तिनं तेच धरून ठेवलं होतं. अजूनही मधूनच म्हणते."

"श्री," मी म्हणालो. "शुभ असतं. नवीन काही घेतलं की लिहितात."

"म्हणजे वॉर्निंग नाही?"

"नाही."

"तिला सांगायला हवं. बरं वाटेल तिला."

तेवढ्यात दोघी आल्याच. माझ्या बायकोच्या हातात चहाचा ट्रे, ती बाई काठी टेकत मागे. बायकोनं ट्रे बाकावर ठेवला, तिची नजर उलट्या सीटवर गेली आणि तिचा चेहरा उजळला. "अरे! हे तर मी काढलेलं! आपलीच गाडी आहे ही!"

मी हसलो. हवापाण्याबद्दल बोलावं तशा आवाजात, चेहऱ्यावरचं हसू जराही न हलू देता मी तिला मराठीत म्हणालो, "गप्प राहा. एक शब्द बोलू नकोस. गाडीत सांगतो."

ती जागच्या जागी थबकली.

"काय म्हणतेय ती?" त्यानं कौतुकानं विचारलं.

"म्हणतेय, अक्षर सुंदर आहे."

या देशात लोकांसमोर आपण मराठीत बोलतोच. दुकानात भाव महाग आहे म्हणतो, कुणाच्या केसांवर हसतो. तेवढं चालतं. पण माझ्या गुन्ह्याला लपायला मी त्या दिवशी आईची भाषा वापरली, आणि बायकोचं तोंडही त्याच भाषेनं बंद केलं. वायरींपेक्षा मला याची लाज जास्त वाटते. वायरी जोडल्या तेव्हा कुणी समोर नव्हतं.

त्यानं आपल्या बायकोला सांगितलं, की ती वॉर्निंग नव्हती, आशीर्वादासारखं काहीतरी होतं. ती काठीवर भार देऊन वाकली आणि बराच वेळ ते श्री बघत राहिली. "म्हणजे मी वाचून घेतलं असतं, तरी काही फरक पडला नसता?" तिनं मला विचारलं.

"नाही," मी म्हणालो. सकाळपासून तिच्याशी बोललेलं माझं ते पहिलंच वाक्य.

तो मग माझ्या बायकोला स्विचची गोष्ट सांगायला लागला. ती ऐकत होती आणि बघत होती: काठीकडे, आइस्क्रीमच्या डब्याकडे, माझ्या मुठीतल्या वायरीकडे. मूठ मिटायला मला उशीर झाला होता. टेपचा कान तिला दिसला. तिनं हातातला कप न पिताच खाली ठेवला.

विचार करून कळवतो, असं म्हणून मी निघालो. त्या बाईनं घरच्या जर्दाळूच्या जॅमची बरणी बायकोला दिली होती, ती त्यांच्या घरातच राहिली.

क्लाइड गाव मागे पडलं. रस्त्याच्या कडेनं धरणाचं पाणी सुरू झालं, तेव्हा बायको म्हणाली, "तो टेप तुझा होता."

"हो."

"विकताना माहीत होतं तुला?"

विसरलो होतो, हे वाक्य तयार होतं. तिनं ते मान्य केलं असतं. "हो," मी म्हणालो.

तिनं तोंड काचेकडे वळवलं. मग म्हणाली, "नऊ वर्षं ती बाई माझं अक्षर बघून स्वतःला दोष देतेय. माझं अक्षर, अरे. मी शुभ व्हावं म्हणून काढलं होतं." आणि लगेच, "गाडी वळव."

आता सांगून काय होणार, असं मी म्हणालो. तिचा पाय थोडाच बरा होणार आहे, असंही म्हणालो. त्यांनी केस केली तर, पोलिसात गेले तर, हेही बोललो. सगळं बोललो, म्हणून सगळं लिहितोय.

"मी सांगू शकते," ती म्हणाली. "पण मी सांगणार नाही. ते तुझं आहे."

पुढे गाड्या थांबायला एक जागा होती. तिथे वळलो.

दार त्या बाईनं उघडलं. "जॅम राहिला ना?" ती हसून म्हणाली आणि आत वळायला लागली. "थांबा," मी म्हणालो. मग पायरीवर उभा राहूनच सांगितलं. टेप, स्विच, नेटबॉल, फोन, त्याचा प्रश्न आणि माझं उत्तर. चौदा वर्षं या देशात मीटिंगा गाजवलेलं माझं इंग्रजी तिथे पार मोडलं. सॉरी हा शब्द इथे आम्ही दिवसात वीस वेळा वापरतो, रांगेत धक्का लागला तरी. त्या दिवशी तो माझ्या तोंडातून निघेना. शेवटी निघाला तो फार बारीक आवाजात निघाला.

माझं संपल्यावर ती माझ्या खांद्यावरून मागे उभ्या असलेल्या बायकोकडे बघत म्हणाली, "ते लिहिलेलं तुझं?"

"हो," बायको म्हणाली. ती रडत होती.

"सुंदर आहे ते." मग ती माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. "त्याच्या शेजारी जागा बरीच होती," ती म्हणाली. "'स्विच चालत नाही', एवढं सहज मावलं असतं. इंग्रजीत."

मी मान खाली घातली. माझे बूट आणि तिच्या काठीचं रबरी टोक एवढंच मला दिसत होतं.

"तो शेडमध्येच आहे," ती म्हणाली. "नऊ वर्षं भेटेल त्याला सांगतोय, की त्या माणसाला माहीत नसणार. मी कितीदा म्हटलं, माहीत असणार. त्यावरून आमची भांडणं झालीत. त्याला तू सांग. मी नाही सांगणार."

मी शेडकडे गेलो. दार उघडंच होतं. तो सीट पुन्हा जागेवर बसवत होता. मला बघून त्याचा चेहरा खुलला. "मला वाटलंच होतं तू परत येशील," तो म्हणाला. "चांगली गाडी सोडणाऱ्यातला तू दिसत नाहीस." आणि सौदा पक्का करायला त्यानं हात हाफ पँटला पुसून माझ्यापुढे धरला.

मी तो हात घेतला नाही. आधी सांगितलं. सांगून होईपर्यंत तो हात तसाच पुढे होता. मग त्यानं तो हळूच मागे घेतला.